राईतली दुपारची वाट

दुपारचा एक वाजला की मला अजूनही चपला घालाव्याशा वाटतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. रत्नागिरीत स्वतःचं घर आहे, डोक्यावर पंखा आहे, जेवून आडवं व्हायला कोणाची आडकाठी नाही. तरी त्या वेळेला पाय आपोआप दाराकडे वळतात. सुनेला वाटतं, सासूबाईंना दुपारचं करमत नाही. तिचंही खोटं नाही म्हणा.

नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं मी शिक्षकांना 'कृतिसंशोधन' शिकवलं. लग्न ठरत होतं तेव्हा हा शब्द ऐकून आमच्या ह्यांनी विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही प्रयोगशाळेत असता का?" मी हो म्हणून टाकलं, कारण खरं सांगत बसले असते तर मुहूर्त टळला असता. वाचकांना मात्र सांगायला हवं. आपल्या शाळेतली एक अडचण निवडायची, तिची कारणं शोधायची, त्यावर एक उपाय ठरवायचा, तो काही आठवडे करून बघायचा आणि फरक पडला की नाही ते जसंच्या तसं लिहायचं. एवढीच गोष्ट. भात लावणारा माणूस शेताच्या एका चोंढ्यात नवं बियाणं टाकून बघतो तसंच हे, फक्त आपण त्याला मोठं नाव देऊन बाड बांधतो.

हे सगळं मी शिकले ऐंशीच्या दशकात, पालीच्या पुढे रस्ता सोडून आत असलेल्या एका गावात. मी मूळची हेदवीची, समुद्रकाठची. आई लहानपणीच गेली आणि वडील बोटीवर, त्यामुळे काका-काकूंच्या घरात वाढले. काकू वाईट नव्हती, पण घरात माणसं खूप होती, मी जेवले की नाही हे विचारायचं कोणाच्या लक्षात राहत नसे. नोकरीचा हुकूम आला तेव्हा मी एक ट्रंक घेऊन या गावात उतरले. पहिल्याच संध्याकाळी विहिरीवर एका अनोळखी बाईने कळशी खाली ठेवून विचारलं, "जेवलंस काय गो बाई?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, नवीन माणूस आहे, घर आठवलं असेल. तेव्हाच मनात ठरवलं, इथून हलायचं नाही.

शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापक कदम गुरुजी आणि मी. गुरुजी उंच, सडपातळ, बोलायला अगदी कमी आणि तपकिरीला अगदी जास्त. गावाच्या दोन वाड्या होत्या. खालची वाडी शाळेला लागून, तिथेच माझी खोली. वरची वाडी सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर. मधे देवाची राई. तिथे झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही असा दंडक होता, त्यामुळे झाडं अशी माजलेली की आत ऊन शिरत नसे. त्या राईतून वर जायची पायवाट होती.

एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले. ते नेहमी सकाळी येत आणि जेवायला पालीला जात. त्या दिवशी त्यांची गाडी बिघडली म्हणून ते आले दुपारी तीनला. वर्ग अर्धा रिकामा. वरच्या वाडीची मुलं मधल्या सुट्टीत घरी जेवायला जात आणि परत येतच नसत. आम्हाला त्याची सवय झाली होती, साहेबांना नव्हती. ते गुरुजींना म्हणाले, "दुपारी एवढीच मुलं असतील तर दुसऱ्या शिक्षकाची गरज काय? पुढच्या तपासणीतही हेच दिसलं तर मला ही जागा दुसरीकडे द्यावी लागेल." दुसरी शिक्षक म्हणजे मी. गुरुजींनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच बंद केली.

त्याच सुमारास रत्नागिरीला शिक्षकांचा एक प्रशिक्षण वर्ग निघाला. गुरुजींना पाठवायचं ठरलं होतं, पण ते म्हणाले, "माझं वय काय संशोधन करायचं? तुम्ही जा." मी गेले. आम्हाला शिकवायला लिमयेबाई होत्या. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा, देशावरचं ठणठणीत बोलणं. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला आपापल्या शाळेची समस्या सांगायला लावली. आम्ही काय, रडगाणं गायला टपलेलेच! पालक लक्ष देत नाहीत, छप्पर गळतं, मुलं गुरं राखायला जातात, बाप मुंबईला असतो. बाई शांतपणे ऐकत गेल्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेल्या, "यात तुम्ही कुठे आहात?"

कोणाला कळेना. मग त्यांनी समजावलं. "छप्पर बांधकाम खातं दुरुस्त करेल. मुंबईचा बाप तुम्ही परत आणू शकत नाही. ज्यात तुम्हाला स्वतःला काही करता येईल एवढाच तुकडा उचला. बाकीचं दुःख खरं आहे, पण ते संशोधन नाही." मला त्या बाईंचा रागच आला. दुपारी डबा खाताना राग उतरला आणि मी वहीत लिहिलं : वरच्या वाडीची मुलं मधल्या सुट्टीनंतर शाळेत परत येत नाहीत. बाईंनी वाचलं, मान हलवली. "हा तुकडा बरा आहे. आता कारणं."

कारणं मला पाठच होती. दुपारच्या तासांना मुलं कंटाळतात, हे कारण. मग उपाय सोपा. दुपारी गोष्टी, गाणी, मातीकाम. मी गावी परत येऊन झोकात सुरुवात केली. खालच्या वाडीची मुलं अशी खूश झाली की सुट्टी संपायच्या आधीच दारात उभी राहायला लागली. वरच्या वाडीचं एकही पोर आलं नाही. प्रशिक्षणाच्या पुढच्या बैठकीत मी लिमयेबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, पण चष्मा मात्र पुसला. "तुमचं औषध उत्तम आहे. फक्त ज्यांना आजार नाही त्यांना दिलंत. कारण तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला वाटलं."

"मग ज्यांची मुलं येत नाहीत त्यांच्या घरी जाऊन या. वाटायचं काम नंतर करा."

आता हे सांगायला सोपं. मी वरच्या वाडीत गेले, घरोघर बसले. आयाबाया पाट देत, गूळ-पाणी देत, पण दुपारचा विषय काढला की पदर सारखा करून दुसऱ्याच गोष्टीला लागत. "पोरां आयकत नाय." "काम आसता." मी म्हटलं, डबा बांधून द्या, मुलं शाळेतच जेवतील. तिसरीत शेवंती नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, तिची आई खुदकन हसली. "बाई, पेज डब्यात कशी बांदू?" तिचं खरंच होतं. दुपारी घरोघर पेजच असायची, पातळ, गरम, सोबत सुकटीची चटणी नाहीतर लोणच्याची फोड. ती कडी नसलेल्या डब्यातून राई उतरून शाळेपर्यंत आली असती तर मुलांचे पाय जेवले असते.

मग एके दिवशी मधली सुट्टी झाली तशी मी चपला घातल्या आणि मुलांच्या मागून निघाले. गुरुजींनी भुवया उंचावल्या. मुलं शाळेमागची चढण चढून राईच्या तोंडाशी आली आणि तिथून राईत न शिरता डावीकडे मळ्याकडे वळली. मळ्याची वाट म्हणजे वहाळाचं पाणी ओलांडून, शेतांच्या बांधांवरून, डोंगराला पूर्ण वळसा. राईतून घर हाकेच्या अंतरावर, आणि ही पोरं उन्हातून लांबची वाट चालत होती.

"अरे, सकाळी तर तुम्ही राईतून येता ना?"

 मोठे मुलगे पायांची बोटं मातीत खुपसून उभे राहिले. शेवटी शेवंतीने माझा पदर ओढला आणि कुजबुजली, "बाई, आता त्याची येळ हाय."

"कोणाची?"

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मळ्याची वाट धरली.

त्या संध्याकाळी विहिरीवर बायकांना खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. राईत राखणदार होता, गावाची राखण करणारा देव. भर दुपारी तो आपल्या जागेवरून उठून फिरतो, त्याच्या वाटेत माणसाने येऊ नये, अशी समजूत. सकाळी हरकत नाही, संध्याकाळी पाचला हरकत नाही, पण ऊन डोक्यावर असताना तिथे पाऊल टाकायचं नाही. मुलं वळसा घालून घरी पोचत, पेज पीत आणि तेवढ्यात शाळा भरायची वेळ होऊन जाई. परत वळसा घालून यायचं तर शेवटचा तास लागलेला असे. आई म्हणे, आता कशाला जातंस? आणि हे मला कोणी सांगत नव्हतं, कारण शिकलेल्या बाईपुढे असलं बोलायची त्यांना लाज वाटत होती.

मी खोलीवर आले आणि डोकं धरून बसले. कारण तर सापडलं, आता उपाय काय लिहू? 'राखणदार नसतो असे पटवून देणे'? मला स्वतःला भुताखेतांचं काही वाटत नसे, पण दुसऱ्याच्या देवाला त्याच्याच राईत जाऊन नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि तेवढा वेळही नव्हता. साहेब कधीही येणार होते. आणि मला या गावातून हलायचं नव्हतं.

शेवटी कदम गुरुजी बोलले. "देवाचं काम गावकराकडे न्यावं."

गावकर म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे उभं राहायचा मान ज्या घराकडे असतो त्या घरचा कर्ता. आमचे गावकर धाकूबाबा. कमरेला पंचा, कानात बाळी, एक डोळा अधू आणि दुसरा दोघांचं काम करणारा. मी सगळं सांगितलं. माझी जागा जाईल हेही सांगितलं. त्यांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "तुज्या शाळंचा गाऱ्हाणा कोनी घातलान नाय आजून. शिमग्याला गावाचा घातलाव, गुराढोरांचा घातलाव, मुंबईवाल्यांचा घातलाव. शाळंचा ऱ्हायला. त्याला तरी कसा कळनार, ही कोनाची पोरां ती?"

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एकाने सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. ठरल्या दिवशी धाकूबाबांनी ऊन डोक्यावर असतानाच आम्हा सगळ्यांना राईत नेलं. गुरुजी, मी, दोन्ही वाड्यांची मुलं, आणि जरा लांब उभ्या राहिलेल्या आया. आत इतका गारवा होता की अंगावर शहारा आला. एका जुनाट झाडाखाली शेंदूर फासलेला पाषाण. बाबांनी नारळ ठेवला, विडा ठेवला आणि तो अधू डोळ्याचा म्हातारा एकदम सरळ झाला.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं ओरडली. झाडावरची वटवाघळं उडाली.

"ही शाळंची लेकरां तुज्या वाटंनं भर दुपारी येत्याल, जात्याल. त्यांच्या वाटंत काय वाकडा आसंल ता सरळ कर रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जवर ही शाळंची पोरां हायत, आन जवर ही बाय त्यांची बाई हाय, तवर तुजी वाट त्यांका मोकळी ठेव रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी माझाही आवाज त्यात होता. मला तो नंतर ऐकू आला.

मग बाबांनी नारळ फोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता पैले काय दीस तू सोबत जा. पोरांचा धीर पोरांच्या पायात नसता, मोठ्याच्या पायात आसता."

तेव्हापासून मी रोज दुपारी एकला चपला घालू लागले. मुलं राईच्या तोंडाशी आली की माझ्याभोवती गोळा होत, कोणी पदर धरी, कोणी बोट. आत शिरलो की एकजण पुढून "म्हाराजा!" म्हणे आणि बाकीचे हळूच "व्हय" म्हणत. बघता बघता आम्ही वरच्या वाडीत. आणि वाडीत पोचले तर मला उपाशी कोण परत पाठवणार? आज शेवंतीच्या घरी, उद्या शेजारी, अशी पाळीच लागली. जर्मन धातूच्या ताटलीत वाफाळती पेज, वर चिमूटभर मीठ, आणि समोर बसलेली शेवंतीची आई. "अजून घे गो बाई, वाऱ्यानं उडशील." मी आयुष्यात पुढे पुष्कळ ठिकाणी जेवले, शासकीय विश्रामगृहातसुद्धा. त्या पेजेची चव कुठे लागली नाही. ती चव तांदळाची नव्हतीच, कोणीतरी आपली वाट बघत ताट मांडून ठेवलंय याची होती.

पेज संपली की मी उंबऱ्यातून हाक मारी आणि वाडीभर दारं वाजत. सगळी पोरं राईतून धावत खाली. दुपारचे वर्ग भरले. साहेब पुन्हा आले, तेही मुद्दाम तीन वाजता. वर्ग गच्च पाहून गाडीवाल्याला म्हणाले, "आपण बरोबर गावात आलोय ना?" माझी जागा राहिली. त्या संध्याकाळी मी खोलीचं दार लावून एकटीच हसले आणि मग रडले.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, गाऱ्हाणं लिहायचं कसं? मी 'स्थानिक समाजाचे सहकार्य घेतले' असं गुळमुळीत लिहून लिमयेबाईंपुढे ठेवलं. त्यांनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं. वर्गातले दोघे-तिघे फिदीफिदी हसायला लागले तशी बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मला म्हणाल्या, "जसं केलंत तसं लिहा. नारळासकट. पण एक मोठी चूक झाली आहे. तुम्ही दोन उपाय एकदम केलेत. गाऱ्हाणं घातलंत आणि सोबतही गेलात. मुलं कशामुळे यायला लागली? देवामुळे की तुमच्यामुळे? एका वेळी एकच उपाय करायचा असतो."

चूक खरीच होती. शास्त्राच्या दृष्टीने माझं संशोधन तिथेच लंगडं पडलं. गावी जाऊन मी धाकूबाबांना बाईंचा प्रश्न सांगितला. ते दम लागेपर्यंत हसले. "आगो, पोराला ताप आला तर आपुन गोळी पन देताव आन अंगारा पन लावताव. ताप उतारला. आता कशानं उतारला ता इचारीत बसाचा, काय पोराला पेज घालाची?"

दोघांचंही मला पटलं होतं आणि आजही पटतं. त्यामुळेच असेल, पुढे मी कधी फार मोठी तज्ज्ञ झाले नाही.

पण अहवाल गाजला. नारळासकट गाजला. लिमयेबाईंनी तो वरच्यांना वाचून दाखवला, वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना. आणि नवं वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर माझ्या हातात हुकूम पडला. मला रत्नागिरीला, शिक्षकांना कृतिसंशोधन शिकवायला नेमलं होतं. पगार जास्त, मान जास्त. ज्या जागेवर राहता यावं म्हणून मी एवढा खटाटोप केला, त्याच खटाटोपाने मला तिथून उचललं. गुरुजी म्हणाले, "नाकारू नका, अशी संधी येत नाही." मी नाकारलं नाही. हेदवीची पोर साहेबीण होणार, याचा मला मोहही पडला होता, खोटं कशाला बोलू. शेवटच्या दुपारी शेवंतीच्या आईने पेज वाढली आणि 'अजून घे' म्हणाली नाही. ती पाठ करून चुलीशी बसून राहिली.

नंतर मी तालुक्यातालुक्यात हिंडले. हॉलमधे फळ्यावर पायऱ्या लिहिल्या : समस्या, कारणे, उपाय, निष्कर्ष. ढिगांनी अहवाल तपासले. सगळे यशस्वी! कृतिसंशोधन या देशात कधी फसतच नाही, असं त्या बाडांवरून कोणालाही वाटेल. लांज्याच्या वर्गात एका गुरुजींनी दिलेल्या अहवालात त्यांच्या डोंगरातल्या शाळेची मुलं रोज होडीतून येत होती. कुठल्यातरी खाडीकाठच्या मास्तरचा अहवाल उतरवताना होडी काढायची राहून गेली होती. मी रागावले नाही. फक्त लिमयेबाईंचा प्रश्न विचारला, "यात तुम्ही कुठे आहात?" ते ओशाळले. आणि मी खुर्चीवर बसून विचार करत राहिले, की बाई गं, यात तू तरी कुठे आहेस? मी कुठेच नव्हते. माझा वर्ग नव्हता, माझी मुलं नव्हती. एक वाजला की चहा आणि बिस्किटं यायची.

धाकूबाबा गेले, गुरुजी गेले, लिमयेबाईही गेल्या. निवृत्तीनंतर एकदा धीर करून मी पालीला उतरले आणि रिक्षाने त्या गावी गेले. शाळा होती. पोरं थोडी, पण होती. आवारात मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती. आता सरकारच दुपारी जेवायला घालतं, मुलं घरी जातच नाहीत. ज्या प्रश्नासाठी मी राई पालथी घातली तो प्रश्न एका पातेल्याने मिटवला. चांगलंच झालं. तरी मला क्षणभर हेवा वाटला त्या पातेल्याचा.

खिचडी ढवळणारी बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. केस पिकलेले, पण ते चुणचुणीत डोळे मी कुठेही ओळखले असते. शेवंती. गावातच दिलेली, शाळेत स्वयंपाकाला लागलेली. तिने हातातला डाव ठेवला, पदराला हात पुसले आणि माझे दोन्ही हात धरले. पहिला प्रश्न तोच, "बाई, जेवलात काय?"

मी मुलांच्या पंगतीत बसून जेवले. मग घड्याळात बघितलं. एक वाजून गेला होता. मी चपला घातल्या आणि म्हटलं, "चल शेवंते, वरच्या वाडीत जाऊ. तुझ्या आईच्या घरी. राईतून."

तिने वर उन्हाकडे पाहिलं आणि मान हलवली. "आता नको, बाई. आता त्याची येळ हाय."

"अगं, धाकूबाबांनी आपलं गाऱ्हाणं घातलंय ना? विसरलीस?"

"इसरेन कशी?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "ता गाऱ्हाणा शाळंच्या पोरांसाटी होता, आन तुमी त्यांच्या बाई होतात म्हणून. आपुन आता शाळंची पोरां हाव काय?"

 राईच्या तोंडाशी करवंदीची जाळी माजली होती, वाट दिसतही नव्हती. शेवंतीने माझं बोट धरलं, आणि आम्ही दोघी डावीकडे वळून मळ्याच्या वाटेने, लांबून गेलो.